पोलो जीटीमध्ये कमी खर्चात कोणते बदल करावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोक्सवॅगनची पोलो भारतात २०१० ते २०२२ अशी बारा वर्षं विकली गेली आणि पुण्याजवळ चाकणला बनत होती. त्यामुळे आमच्या भागात दर दुसऱ्या सोसायटीत एक तरी पोलो उभी दिसते. माझी २०१४ची जीटी टीएसआय (पोलोचं ताकदवान पेट्रोल मॉडेल) आहे, जुनी घेतलेली. गेल्या काही वर्षांत पोलोवाल्यांकडून तेच तेच प्रश्न येत राहिले, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. किमती मी पुण्यात पाहिलेल्या आहेत. शहर आणि दुकान बदललं की त्याही थोड्या बदलतील.

१. पोलो जीटी खरंच स्पोर्ट्स कार आहे का? ही उत्तरं कोणत्या मॉडेलला लागू होतात?

व्याख्येने बघाल तर नाही. ही पाच दारांची हॅचबॅक आहे. पण दहा लाखांच्या आत टर्बो (हवा दाबून आत भरणारं) पेट्रोल इंजिन, घट्ट चेसिस आणि वेगात जड होणारं स्टिअरिंग असं सगळं एकत्र देणारं आपल्याकडे दुसरं फारसं काही नव्हतं. म्हणून गाडी चालवण्याची आवड असलेली मंडळी हिच्याकडे वळली.

ही उत्तरं मुख्यतः दोन गाड्यांसाठी आहेत. एक, २०१३ला आलेली १.२ टीएसआय : १०५ पीएस ताकद, १७५ एनएम टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) आणि सात गिअरची डीएसजी (दोन क्लचची ऑटोमॅटिक). दोन, २०२०ची १.० टीएसआय : ११० पीएस, तेवढाच टॉर्क आणि सहा गिअरची मॅन्युअल किंवा टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक. टर्बो नसलेल्या पोलोसाठी प्रश्न १५ आणि डिझेलसाठी १६ पाहा. २०१६ला बाहेरून आयात झालेल्या तीन दारांच्या जीटीआयची, म्हणजे १.८ लिटर आणि १९२ पीएसवाल्या गाडीची गोष्टच वेगळी आहे. ती इथे धरलेली नाही.

२. माझ्याकडे पन्नास हजार आहेत. सगळ्यात आधी काय करू? रीमॅप ना?

नाही. रीमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलून ताकद वाढवणं, ते प्रश्न ७ मध्ये आहे. सगळ्यात आधी गाडी मुळात जशी होती तशी करा. सहा-आठ वर्षांच्या पोलोत शॉकअप थकलेले असतात, ब्रेक ऑइल काळं पडलेलं असतं, टायर दगड झालेले असतात आणि स्पार्क प्लग कधी बदलले ते कुणाला आठवत नसतं. अशा गाडीत पंचवीस पीएस वाढवले तर ते रस्त्यावर उतरवणार कोण आणि थांबवणार कोण?

पन्नास हजारांतले तीस-पस्तीस हजार चार चांगल्या टायरना ठेवा. दीड-दोन हजार ब्रेक ऑइलला आणि तीन ते पाच हजार पुढच्या ब्रेक पॅडना. उरलेल्यात प्लग, एअर फिल्टर, इंजिन ऑइल आणि अलाइनमेंट. यातलं काहीच फोटोत दिसत नाही हे खरं आहे. पण हे करून पहिल्यांदा ताम्हिणीतून जाऊन या, गाडी बदललेली आहे हे तुमच्या हातांना कळेल. रीमॅप पुढच्या वर्षीही करता येतो.

३. टायर कोणत्या साईजचे घेऊ? जितके रुंद तितके चांगले का?

तसं नाही. जीटीला सुरुवातीला १८५/६० आर१५ (रुंदी १८५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १५ इंची) यायचे, नंतरच्या सोळा इंची अलॉयवर १९५/५५ आर१६. पहिल्याचा एकूण व्यास साधारण ६०३ मिलिमीटर भरतो, दुसऱ्याचा ६२१. म्हणजे पंधरावरून सोळावर गेलात की चाक सुमारे तीन टक्के मोठं होतं, स्पीडोमीटर तेवढं कमी दाखवतो आणि पिकअपमध्ये गिअरिंग तेवढंच लांबतं. पंधरा इंची रिम ठेवून पकड वाढवायची असेल तर १९५/५५ आर१५ (५९५ मिलिमीटर) किंवा १९५/६० आर१५ (६१५ मिलिमीटर) हे सरळ पर्याय आहेत. खड्ड्यांतून रोजचं जाणं असेल तर ६०च घ्या, कारण टायरची भिंत उंच असली की रिम वाचते.

साईजपेक्षा टायर कोणता आहे हे महत्त्वाचं. मायलेजसाठी बनवलेला कडक रबराचा २०५ हा चांगल्या मऊ रबराच्या १८५पुढे ओल्या रस्त्यावर हरतो. कोकणात उतरणाऱ्याने ओल्या रस्त्याची पकड आधी बघावी, बाकी सगळं नंतर. टायरच्या भिंतीवर चार आकडी तारीख असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानदार भाव कमी करतोय म्हणून दोन वर्षं गोदामात पडलेला टायर उचलू नका. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको. स्पीड रेटिंग एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०. टीएसआयला एचच्या खाली जाऊ नका.

बाहेरचे अलॉय घेणार असाल तर एक गोष्ट नक्की तपासा, इथे मी फार लोकांना चुकताना पाहतो. पोलोचे बोल्ट ५×१०० वर (शंभर मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच) बसतात, मधलं भोक ५७.१ मिलिमीटरचं असतं आणि कंपनीच्या रिमसाठीच्या बोल्टचा टेकणारा भाग गोल असतो. बाजारातल्या बहुतेक अलॉयना तो भाग शंकूसारखा तिरका लागतो. गोल बोल्ट तिरक्या बसणीत आवळला तर घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण तो कडेवरच टेकलेला असतो आणि चालता चालता सैल होतो. नवे अलॉय घेताना त्यांचेच बोल्ट मागून घ्या, मधल्या भोकाची रिंग घ्या आणि १२० एनएमवर टॉर्क पान्याने आवळा. शंभर किलोमीटरनंतर परत एकदा पान्याने तपासा.

४. ब्रेक तर नीट लागतात. मग त्यावर पैसे का घालायचे?

शहरात लागतात, कारण शहरात ते तापतच नाहीत.

गाडी घेतली त्या पावसाळ्यानंतर मी महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरत होतो. गाडीत चार माणसं, डिकीत सामान, गिअर डीमध्ये आणि प्रत्येक वळणाआधी ब्रेक. अर्ध्या घाटात जळका वास यायला लागला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा आहे. मग एका वळणावर पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं खाली गेलं, पुढच्या वळणावर तीन बोटं, आणि पायाला स्पंज दाबल्यासारखं लागलं. गाडी थांबली, पण मी जिथे थांबवायची ठरवली होती तिथे नाही. बाजूला घेतली तेव्हा पुढच्या चाकांतून निळसर धूर येत होता. पुण्यात येऊन ब्रेक ऑइल काढलं तर चहासारखं निघालं. आधीच्या मालकाने ते बहुधा कधीच बदललं नव्हतं, आणि घेतल्यावर बदलून टाकायचं काम माझं होतं, ते मी केलं नव्हतं.

झालं काय ते समजून घ्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. डॉट ५.१ ची ओली मर्यादा १८० आहे आणि ते डॉट ४ च्या जागी चालतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते कधीही घालू नका. आकडे जवळचे असले तरी वस्तू वेगळी आहे.

म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल, चारही चाकांना ब्लीड करून (जुनं ऑइल आणि बुडबुडे बाहेर काढून). त्यानंतर चांगल्या प्रतीचे पुढचे पॅड. जीटीला मागे ड्रम आहेत, ते डिस्क करून घेण्याचा खर्च आणि खटाटोप मला रस्त्यासाठी पटत नाही, कारण जोरात ब्रेक लावताना वजन पुढे येतं आणि बहुतेक काम पुढचेच ब्रेक करतात. मागचे लायनर स्वच्छ आणि ॲडजस्ट केलेले असले की पुरे. ८० ऐवजी १०० च्या वेगावरून थांबायचं तर ब्रेकना दीडपटीहून जास्त ऊर्जा जिरवावी लागते, हे रीमॅप करण्याआधी लक्षात असू द्या. आणि घाट उतरताना डीएसजी डीमध्ये सोडू नका. लिव्हर बाजूला घेऊन हाताने दुसरा-तिसरा गिअर धरा.

५. गाडी खाली बसवायची आहे. लोअरिंग स्प्रिंग घालू का?

आधी शॉकअप तपासा. पन्नास-साठ हजार किलोमीटर झालेल्या गाडीचे मूळ शॉकअप बहुधा संपलेले असतात, आणि संपलेल्या शॉकअपवर आखूड कडक स्प्रिंग घातली की गाडी वळणात उड्या मारते. ती खाली बसलेली दिसेल, पण तिची पकड आधीपेक्षा कमी झालेली असेल.

माझा सल्ला असा, की पहिल्या फेरीत चारही शॉकअप, वरचे माउंट आणि पुढच्या आर्मचे बुश (रबरी जोड) नवे घाला. साधारण पंचवीस-तीस हजारांत होतं. एवढ्यानेच निम्म्या लोकांची खाली बसवायची इच्छा मिटते, कारण त्यांना जे डोलणं खटकत होतं ते स्प्रिंगमुळे नव्हतंच. तरीही हवं असेल तर वीस-पंचवीस मिलिमीटरपेक्षा जास्त उतरू नका. पोलोचं ऑइल चेंबर तसंही खाली लटकतं. गावाकडच्या गतिरोधकावर चार माणसं बसवून चेंबर फुटल्याच्या गोष्टी तुम्ही ऐकल्याच असतील. चेंबर गार्ड तीन-चार हजारांत मिळतो. गाडी खाली बसवा किंवा नका बसवू, तो घालाच.

स्प्रिंग कापून गाडी खाली आणणारे अजूनही आहेत. कापलेली स्प्रिंग चाक मोकळं लटकलं की बसणीतून निसटू शकते. यावर मला आणखी काही बोलायचं नाही.

६. अलाइनमेंट दर पाच हजारांनी करतो, तरी गाडी एका बाजूला ओढते. का?

पोलोत पुढच्या चाकांचा टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) सरळ ॲडजस्ट होतो. कॅम्बर (चाकाचा उभा कल) मात्र पुढची सबफ्रेम (खालचा सांगाडा) ढिली करून थोडासाच हलवता येतो, आणि मागचा ॲक्सल एकसंध असल्याने तिथे काही फिरवायला नाहीच. दुकानात टो बरोबर करून हिरवे आकडे दाखवतात आणि सोडतात. टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवून बघा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट्या दिशेला करवतीसारखं बोटाला लागत असेल तर टो चुकलाय. आतली कड पूर्ण झिजून तिरकी झाली असेल तर कॅम्बर किंवा वाकलेला आर्म. ओढ तरीही गेली नाही तर पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी घालून चालवा. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा. दिशा ठरलेले, म्हणजे बाण छापलेले टायर असतील तर मात्र असे अदलाबदल करू नका.

७. स्टेज वन रीमॅप म्हणजे नेमकं काय करतात? किती ताकद वाढते?

इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या तक्त्यांत बदल करतात. टर्बोने किती दाब द्यायचा, ठिणगी किती आधी टाकायची, इंधन किती सोडायचं आणि टॉर्कला कुठे अडवायचं हे त्या तक्त्यांत लिहिलेलं असतं. कंपनी हे आकडे राखून ठेवते, कारण तीच गाडी जगभरच्या पेट्रोलवर, कडक उन्हात आणि हेळसांड करणाऱ्या हातांतही वर्षानुवर्षं चालली पाहिजे. ट्यूनर, म्हणजे रीमॅप करणारा, त्या राखीव जागेतला काही भाग वापरतो. स्टेज वन म्हणजे कोणताही पार्ट न बदलता केलेला रीमॅप. टीएसआयवर १३० पीएसच्या आसपास आणि २२० एनएमच्या वर असे आकडे ट्यूनर सांगतात, खर्च पंचवीस ते चाळीस हजार.

टर्बो इंजिनात पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त ताकद इथूनच मिळते हे मी मान्य करतो. तिसऱ्या गिअरमध्ये ओव्हरटेक करताना फरक स्पष्ट जाणवतो. पण ट्यूनरला चार गोष्टी विचाराच. माझ्या गाडीची मूळ फाइल (कंपनीचे ते तक्ते) जपून ठेवणार का आणि मला देणार का? माझ्या गाडीचा लॉग (चालताना घेतलेली इंजिनाची नोंद) बघून फाइल बसवणार की दुसऱ्या गाडीचीच चिकटवणार? कोणत्या पेट्रोलवर बसवलीय? टॉर्क कुठे थोपवलाय? शेवटच्या प्रश्नावर जो अडखळतो त्याच्याकडून उठून या. आणि डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या मशीनचा, कागद दाखवला तर आधीची आणि नंतरची धाव त्याच दिवशी, त्याच मशीनवर झालीय का ते बघा.

८. माझ्याकडे डीएसजी आहे. रीमॅपने गिअरबॉक्स जाईल का?

१.२ टीएसआयमधली सात गिअरची डीएसजी म्हणजे डीक्यू२००. तिचे दोन क्लच कोरडे, तेलाशिवाय चालणारे आहेत आणि तिची टॉर्कची मर्यादा २५० एनएम आहे. कंपनीचा टॉर्क १७५, म्हणजे मधे जागा आहे, पण ती संपवण्यासाठी नाही. टॉर्क २२०-२२५ला आणि तोही हळू चढणारा ठेवायला सांगा. १,८०० आरपीएमला एकदम उसळणारा टॉर्क ऐकायला भारी वाटतो, क्लचला तोच मारतो.

या गिअरबॉक्सचा नाजूक भाग मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारं इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक युनिट. तो गेला तर बिल लाखाच्या घरात जातं. आता हळू चालताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर होत असेल, रिव्हर्स उशिरा लागत असेल किंवा पान्याचं चिन्ह कधी चमकून गेलं असेल, तर रीमॅप विसरा. आधी तो प्रश्न सोडवा. रोजच्या वापरात एक सवय लावून घ्या : सिग्नलला किंवा चढावर ब्रेकवर पूर्ण थांबा, इंचाइंचाने सरकत राहू नका. सरकताना क्लच घासत असतो. हिंजवडीच्या गर्दीत रोज तासभर असं सरकणं क्लचला रीमॅपहून महाग पडतं, असं माझं मत आहे.

९. १.० मॅन्युअलमध्ये रीमॅपनंतर आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही. काय झालं?

क्लच घसरतोय. मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये दीड-दोन हजार आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा. काटा उसळला आणि वेग मागे राहिला तर नक्की. ट्यूनरकडून टॉर्क थोडा कमी करून घ्या किंवा क्लच प्लेट बदलायच्या वेळी मजबूत किट घाला. तसंच चालवत राहिलात तर फ्लायव्हीलही जळेल आणि बिल दुप्पट होईल.

१०. ९५ किंवा १०० ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं तर ताकद वाढते का? आणि ई२०चं काय?

ऑक्टेन म्हणजे ताकद नाही. दाबाखाली आपोआप न पेटता टिकून राहण्याची क्षमता म्हणजे ऑक्टेन. आपल्याकडे साध्या पेट्रोलचं प्रमाण बरीच वर्षं ९१ होतं. युरोपात, जिथे ही इंजिनं घडली, तिथे साधं पेट्रोलच ९५चं असतं. कमी ऑक्टेनवर नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) जाणवलं की कॉम्प्युटर टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतो आणि पिकअप मंदावतो. म्हणून टीएसआयला ९५ टाकल्यावर उन्हाळ्यात आणि चढावर फरक पडतो. कंपनीच्या ट्यूनवर १०० टाकून वरचा फायदा मला कधी जाणवला नाही. तुमचा रीमॅप १०० वर बसवला असेल तर मात्र १००च टाकावं लागेल, आणि नांदेडपासून गडचिरोलीपर्यंत ते कुठे मिळेल याचा विचार तुम्हाला आधी करावा लागेल.

ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल. त्याचं ऑक्टेन चांगलं, किमान ९५ असतं. पण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून मायलेज थोडं उतरतं. पोलो बंद झाली त्यानंतर, २०२३ पासून ई२०साठीच्या गाड्या यायला लागल्या. त्यामुळे जुन्या पोलोत इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील दर सर्व्हिसला बघून घ्या, आणि गाडी महिनोन्महिने टाकी भरून उभी ठेवू नका. रीमॅप करताना ट्यूनरला पंपावर आज मिळणाऱ्या पेट्रोलवरच लॉग घ्यायला सांगा.

११. परफॉर्मन्स एअर फिल्टरने किती फरक पडतो?

आवाजात पडतो, ताकदीत जवळपास नाही. मूळ फिल्टर स्वच्छ असेल तर या इंजिनाला लागणारी हवा त्यातून सहज जाते. पाच-सात हजारांचा धुवून वापरायचा फिल्टर मी स्वतः काढून परत कागदी घातला, कारण आपल्या रस्त्यांवरची धूळ बारीक असते आणि ती अडवणं जास्त गरजेचं आहे. बॉनेटखाली उघडा बसवलेला शंकू तर इंजिनाचीच गरम हवा ओढतो.

त्यापेक्षा एक काम करा. टीएसआयमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवरून (हवा आत घेणाऱ्या झडपेवरून) ते कधी वाहत नाही आणि तिथे काजळी साठत जाते. ७०-८० हजारांनंतर सकाळी गाडी सुरू करताना थरथरत असेल तर व्हॉल्व्ह साफ करून घ्या. पेट्रोलमध्ये टाकायचं औषध तिथपर्यंत पोहोचत नाही, मॅनिफोल्ड उतरवूनच साफ करावं लागतं.

१२. सायलेन्सर बदलू का? कॅट काढला तर?

कॅट, म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढणं बेकायदा आहे, पीयूसीत अडकाल आणि मागे चालणाऱ्याच्या छातीत तो धूर जाईल. मी ते कुणालाही सुचवत नाही. फक्त शेवटचा डबा बदलून स्टेज वनमध्ये ताकद वाढत नाही. आवाजासाठी हवा असेल तर प्रश्न १३ वाचून मग ठरवा.

१३. यातलं काय कायदेशीर आहे? आरटीओ पकडेल का?

मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार आरसीवर नोंदलेल्या कंपनीच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराच्या नियमभंगाला कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, शिवाय लायसन्सही तीन महिने अडकतं.

व्यवहारात सांगायचं तर ब्रेक ऑइल, पॅड, मूळ मापाचे शॉकअप, त्याच मॉडेलला कंपनीने दिलेल्या मापाचे टायर-रिम ही देखभाल आहे, यात कसली भीती नाही. चाक बॉडीच्या बाहेर येणं, मोठा आवाज आणि रंग बदलून आरसीवर नोंद न करणं, इथे हमखास पकडतात. रीमॅप बाहेरून दिसत नाही, पण दिसत नाही म्हणून तो कायदेशीर ठरत नाही, आणि खरा प्रश्न अपघातानंतर उभा राहतो.

१४. इन्शुरन्सला सांगावं का?

हो, लेखी सांगा आणि पॉलिसीवर नोंद करून घ्या. प्रीमियम थोडा वाढेल किंवा ते नकार देतील, तरी तुम्हाला आधी कळेल. न सांगितलेला बदल सर्व्हेअरला सापडला तर क्लेम अडकतो, आणि अपघातात समोरच्याला इजा झाली असेल तर प्रकरण फक्त तुमच्या गाडीपुरतं राहत नाही. अलॉय आणि महागडे टायरही सांगा, म्हणजे चोरीला गेले तर त्यांची किंमत धरली जाईल.

वाढीव वॉरंटी चालू असेल तर आणखी एक गोष्ट. फोक्सवॅगनच्या अधिकृत केंद्रात बदललेलं सॉफ्टवेअर स्कॅनमध्ये सापडलं की त्या गाडीवर कायमची खूण होते, ती मूळ फाइल परत टाकूनही जात नाही. आणि सर्व्हिसमध्ये नवं सॉफ्टवेअर चढवलं तर तुमचा रीमॅप पुसला जातो. जॉब कार्डवर 'सॉफ्टवेअर अपडेट विचारल्याशिवाय करू नये' असं लिहून घ्या.

१५. माझी पोलो साधी, टर्बो नसलेली आहे. काही करता येईल?

रीमॅपवर एक रुपयाही घालू नका. १.२ची ७५ पीएस किंवा १.०ची ७६ पीएस, दोन्हींत टर्बो नाही, म्हणजे वाढवायला दाबच नाही. हाती लागतील ते चार-पाच पीएस आणि थोडा चपळ ॲक्सिलरेटर. टायर, शॉकअप आणि ब्रेक मात्र हिलाही तसेच लागू आहेत. चेसिस तीच आहे, आणि कमी ताकदीची गाडी वळणात वेग न गमावता नेणं ही वेगळीच मजा आहे.

ऑनलाइन पंधराशे रुपयांना मिळणारी, ओबीडीत (गाडी तपासायच्या सॉकेटमध्ये) खोचायची 'पॉवर चिप' कोणत्याच पोलोत घालू नका. उघडून पाहिली तर आत दिवे लुकलुकवणारी एक पट्टी असते. ती इंजिनाशी बोलतच नाही.

१६. जीटी टीडीआय रीमॅप केली तर काळा धूर येतो. नॉर्मल आहे का?

नाही. धूर म्हणजे हवेपेक्षा डिझेल जास्त पडतंय. डिझेलमध्ये टॉर्क वाढवणं सोपं असतं म्हणून हलक्या हाताचे ट्यूनर नुसतं इंधन वाढवून मोकळे होतात. चांगल्या फाइलमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटरवरही आरशात काळं दिसत नाही. मूळ २५० एनएमवरून पुढे जाताना क्लचचा विचार प्रश्न ९ प्रमाणेच करा.

१७. नागपूरला मे महिन्यात गाडी मरगळते. रीमॅप चुकला का?

बहुधा नाही. ४५ अंशांत हवा विरळ असते, टर्बोतून ती आणखी तापून येते आणि कॉम्प्युटर इंजिन वाचवण्यासाठी टायमिंग मागे घेतो. सिग्नलवर दोन मिनिटं थांबून निघालात की सगळ्यात जास्त जाणवतं, वाहत्या रस्त्यावर पाच मिनिटांत सावरतं. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा काढा, कूलंट योग्य प्रमाणात आहे ना बघा आणि ९५ टाका. विदर्भात रोज चालणाऱ्या गाडीला ट्यूनरकडून थोडी मवाळ फाइल घेतलेली बरी.

१८. माझा भाऊ जर्मनीत असतो. येताना पार्ट आणू शकतो का?

आपली पोलो पाचव्या पिढीची आहे. तिथे २०१७पासून सहावी पिढी आली, म्हणून 'पोलोचा पार्ट' एवढ्यावर मागवू नका. तुमच्या गाडीच्या चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढा. पॅड, बुश, प्लग यांचे नंबर जुळले तर आणणं फायद्याचं ठरतं. स्प्रिंग मात्र आणू नका. भारतातली गाडी उंच ठेवलेली आहे, आणि तिथल्या किटवर लिहिलेले तीस मिलिमीटर इथे किती भरतील याचा भरवसा नाही.

१९. ट्रॅकवर न्यायची आहे. किती तयारी लागते?

कोइम्बतूरचं करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा श्रीपेरंबुदूरचा ट्रॅक, पुण्याहून साधारण बाराशे किलोमीटर. तेवढं अंतर जाऊन ट्रॅकवर फिरून त्याच गाडीने परत यायचं आहे, हे धरून तयारी करा. ताजं ब्रेक ऑइल, निम्म्याहून जास्त उरलेले पॅड, टॉर्क पाना आणि हवेचा गेज. पहिल्या काही फेऱ्यांनंतर टायर तापून हवा वाढते, ती पिटमध्ये मोजून कमी करा आणि परत निघताना थंड टायरमध्ये भरायला विसरू नका. गरम गाडी पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये किंवा पीमध्ये ठेवा. नेहमीची मोटार पॉलिसी शर्यत आणि वेगाच्या चाचणीला संरक्षण देत नाही, म्हणजे ट्रॅकवर जे मोडेल ते तुमच्या खिशातून. रीमॅप न केलेल्या गाडीने जा. पहिल्या दिवशी तुम्हाला ताकद कमी पडणार नाही.

२०. जुनी जीटी बघतोय. आधीच्या मालकाने रीमॅप करून लपवलाय का हे कसं ओळखू?

खात्रीने एखादा ट्यूनर फाइल वाचून सांगू शकतो, त्याला हजार-दोन हजार देऊन वाचून घ्या. तोपर्यंत हे बघा. स्टॉक एअरबॉक्सचे स्क्रू झिजलेले आहेत का, सायलेन्सरच्या क्लॅम्पवर ताज्या खुणा आहेत का, प्लग कंपनीच्या नंबरचेच आहेत का. पुढचे टायर मागच्यांपेक्षा फारच झिजलेले असतील तर कारण विचारा. जोरात चालवताना डीएसजी दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना घसरते का ते ऐका.

मालकाने स्वतःहून सांगितलं, ट्यूनरचं बिल आणि मूळ फाइल दिली, तर ती गाडी मी उलट पसंत करेन. जो बिल जपून ठेवतो तो बहुधा ऑइलही वेळेवर बदलतो. घेतल्यावर पहिल्या आठवड्यात मूळ फाइल परत टाका, ब्रेक ऑइल बदला आणि दोन महिने तशीच चालवा. ती मुळात कशी आहे हे कळल्यावर प्रश्न २ पासून सुरुवात करा.